जामखेडची परीक्षा: हातातलं ज्ञान सोडता येतं का?



हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये रेंज गेली, इअरफोन घरी राहिला किंवा मुळात ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी. बोलताना मी जे दर वाक्याला 'म्हणजे... म्हणजे' करतो तेवढं काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

कुठल्याही विकाससंस्थेची वेबसाइट उघडा. एक पान हमखास सापडेल: 'आमची मूल्यं'. समता, सहभाग, सक्षमीकरण, पारदर्शकता. शेजारी हसणाऱ्या मुलांचा फोटो. आम्हा आयटीवाल्यांना हे नवं नाही, आमच्याकडे असलीच पोस्टर्स लिफ्टशेजारी लावलेली असतात आणि लिफ्ट यायला उशीर झाला की लोक ती वाचतात. त्या शब्दांत खोटं काही नसतं. पण ते पाळताना कोणाला काय सोडावं लागलं, हे त्या पानावर कधीच लिहिलेलं नसतं.

म्हणून आज एका अशा जागेची गोष्ट, जिथे हे शब्द पोस्टरवर यायच्या आधी त्यांची किंमत मोजली गेली. जागा आपल्या अगदी जवळची आहे: जामखेड. अहमदनगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, त्याच्या आग्नेय टोकाला बीडच्या सीमेवरचा तालुका. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण जागतिक आरोग्याच्या इतिहासात जामखेड हे नाव वेगळ्याच कारणाने येतं आणि ते मात्र पुण्या-मुंबईतल्या फार कमी लोकांना माहीत असतं.

गोष्ट दोन डॉक्टरांपासून सुरू होते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले. १९६० साली लग्न झालं आणि खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं हे तेव्हाच ठरलेलं होतं. पहिली काही वर्षं त्यांनी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काढली. मुंबईतलं वडाळा नव्हे, नेवासा तालुक्यातलं.

तिथे त्यांना एक गोष्ट टोचायला लागली. पेशंट येतो, बरा होतो, घरी जातो आणि काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येतो. जुलाबाने सुकलेलं मूल आज वाचवलं, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच घरातलं दुसरं मूल त्याच अवस्थेत दारात. हॉस्पिटल चांगलं चाललं होतं, ऑपरेशन्स होत होती, नाव होत होतं आणि गावात काहीही बदलत नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोघं दिवसभर तिकिटं बंद करत होते आणि बग तिथेच होता.

मग दोघं अमेरिकेला गेले. वैद्यकीय शिक्षण पुढे नेलंच, शिवाय जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे त्यांना कार्ल टेलर हे प्राध्यापक भेटले. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, कारण पुढे ते परत येणार आहेत. टेलर १९१६ साली मसुरीत जन्मलेले, मिशनरी डॉक्टरांच्या घरातले. पंजाबात नारंगवाल इथे खेड्यांतल्या आरोग्यावर त्यांनी मोठं संशोधन उभं केलं होतं. म्हणजे बाल्टिमोरमध्ये बसून भारतातल्या खेड्यांबद्दल शिकवणारा हा माणूस ती खेडी बघितलेला होता.

१९७० साली आरोळे परतले आणि जामखेडला आले. मुद्दाम निवडलेली जागा: कायम अवर्षण, गरिबी आणि डॉक्टरांची वानवा. गावकऱ्यांनी जागा दिली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची. अमेरिकेतून शिकून आलेल्या दोन डॉक्टरांचं काम गुरांच्या दवाखान्यात सुरू झालं.

इथे पहिली परीक्षा आली. दोघं आले होते आरोग्यसेवा द्यायला आणि लोकांना हवं होतं अन्न आणि पाणी. तुमच्या आजीला विचारा 'बहात्तरचा दुष्काळ' काय होता. सुकडी, खडी फोडायची कामं, छावण्या. महाराष्ट्रातल्या त्या पिढीच्या बोलण्यात तो शब्द अजून काळाच्या खुणेसारखा येतो: 'बहात्तरच्या आधी', 'बहात्तरच्या नंतर'. अशा वेळी तुम्ही लसीकरणाचं वेळापत्रक घेऊन गेलात, तर लोक काय म्हणतील?

आरोळ्यांनी आपला आराखडा बाजूला ठेवला. लहान मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. बाहेरच्या मदतीतून विंधनविहिरी खोदून हातपंप बसवायला सुरुवात झाली. आता कोणी म्हणेल, यात आरोग्य कुठे आलं? सगळं यातच आलं. स्वच्छ पाणी आणि पोटभर जेवण मिळालं, तर वडाळ्याला परत परत येणारी अर्धीअधिक मुलं दवाखान्याची पायरीच चढणार नव्हती.

पण हातपंप बसवायचा कुठे?

प्रश्न ऐकायला तांत्रिक वाटतो. भूगर्भात पाणी कुठे आहे, एवढंच बघायचं ना? गावात राहिलेल्या माणसाला विचारा. सार्वजनिक विहिरीवर दलित बाईने घागर घेऊन बाजूला उभं राहायचं आणि कोणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं, ही व्यवस्था तेव्हा जिवंत होती. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ साली, त्याला तोवर चाळीस-पंचेचाळीस वर्षं उलटली होती. घटनाही येऊन गेली होती. विहिरीला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

आरोळ्यांनी हातपंप जाणीवपूर्वक दलित वस्तीत बसवले. पाणी हवं असेल तर बाकीच्या गावाने तिथे जायचं. भाषण नाही, पत्रक नाही. तहान लागली की पाय आपोआप तिकडे वळणार. सामुदायिक स्वयंपाकाचंही तेच, सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला. आणि तरुणांना गोळा करायला त्यांनी काय वापरलं असेल? व्हॉलीबॉल! वेगवेगळ्या जातींची पोरं एका नेटभोवती खेळायला लागली की खेळानंतर बसून बोलायला लागतात. त्यातून पुढे गावोगावी शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली आणि मग महिला मंडळं.

मला या सगळ्यात हातपंपाची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. कारण 'समता' हा शब्द तिथे एका नकाशावरचा बिंदू झाला. तो बिंदू शंभर मीटर अलीकडे घेतला असता, तरी पाणी तितकंच लागलं असतं, अहवालात 'एक हातपंप' असंच लिहिलं गेलं असतं, देणगीदारही तितकाच खूश झाला असता. आकड्यात न दिसणारा हा फरक होता.

आता दुसरी परीक्षा. ही जास्त अवघड, कारण इथे सोडायचं होतं ते स्वतःचं.

सुरुवातीचा बेत असा होता की गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवायच्या. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बाहेरगावची तरुण, एकटी मुलगी अनोळखी खेड्यात राहायला तयार होईना, तिला सुरक्षित वाटेना आणि गावातल्या बाया तिच्यावर विश्वास ठेवीनात. ती शिकलेली, तिची भाषा वेगळी, तिला स्वतःचं मूलबाळ नाही. आपल्या बाळंतपणातलं हिला काय कळणार?

मग पर्याय पुढे आला तो म्हणजे गावातलीच बाई. गावानेच निवडलेली. यातल्या बऱ्याच जणी कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या आणि अनेक जणी दलित किंवा अगदी गरीब घरांतल्या होत्या. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. गावाच्या उतरंडीत जिचा नंबर शेवटचा, तिच्या हातात गावाचं आरोग्य द्यायचं.

आज आशाताई आपल्या सवयीची झालीये, त्यामुळे हे किती विचित्र होतं ते लक्षात येत नाही. १९७० च्या दशकाची सुरुवात आहे. डॉक्टर हा देव आहे. अंगठा उठवणाऱ्या बाईला गरोदरपणाची तपासणी शिकवायची? गरोदर बाईच्या पायावरची सूज आणि क्षयरोग्याचा खोकला ओळखायला शिकवायचं? वैद्यकीय जगाला हे पचणं शक्यच नव्हतं.

प्रशिक्षणाची पद्धतही वेगळी होती. एकदाच तीन महिने वर्गात बसवून प्रमाणपत्र दिलं आणि सोडलं, असं नव्हतं. दर आठवड्याला जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, सगळ्यांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. गेल्या आठवड्यात गावात काय झालं ते सांगायचं, एखादी नवी गोष्ट शिकायची, परत जाऊन करून बघायची, अडलं की पुढच्या आठवड्यात विचारायचं. वर्षानुवर्षं हेच चक्र. आणि त्यातला मोठा भाग औषधांचा नव्हताच. चारचौघांत उभं राहून बोलायला शिकणं, आपलं मत मांडणं, सरपंचासमोर मान वर करून प्रश्न विचारणं, हाच मोठा भाग होता.

गावात त्या नेमकं काय करायच्या? तेव्हाचे समज आठवा. बाळाला पहिला चीक पाजायचा नाही, तो वाईट असतो. गरोदरपणी कमी खायचं, म्हणजे बाळ लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं. जुलाब होत असतील तर पाणी बंद. नाळ कापायला घरातलं जे हाताशी येईल ते, त्यातून धनुर्वात. गोवर आला की देवी आली. यातला प्रत्येक समज मूल मारू शकतो आणि यातला एकही समज मोडायला एमबीबीएस लागत नाही. लागतो तो विश्वास. बाहेरून आलेला डॉक्टर म्हणाला 'चीक पाजा', तर सासू मान डोलावते आणि तो गेल्यावर ओतून देते. शेजारची, स्वतः चार बाळंतपणं काढलेली बाई म्हणाली, आपल्या नातवंडाला पाजून दाखवली, तर गोष्ट वेगळी होते.

आता मी जरा माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो, चालवून घ्या. कुठल्याही सिस्टीममध्ये दोन प्रकारचा ॲक्सेस असतो. एक फक्त बघण्याचा. दुसरा बदल करण्याचा, ॲडमिनचा. विकासाच्या कामात 'लोकसहभाग' म्हणून जे चालतं ते बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचं असतं: या, सभेला बसा, पोस्टर बघा, सही करा. जामखेडमध्ये दुसऱ्या प्रकारचा ॲक्सेस दिला गेला. मूल कधी घरी सांभाळायचं आणि कधी जामखेडला पाठवायचं, हा निर्णय त्या बाईचा. आणि एकदा ॲडमिन ॲक्सेस दिला की ज्याने दिला त्याचं महत्त्व कमी होतं, हे आलंच. जिथे सगळ्यांना येतं, तिथे देव उरत नाही.

'सगळ्याचा एकत्र विचार' हे त्यांचं तिसरं तत्त्व. कुष्ठरोगाचं उदाहरण घ्या. तेव्हा कुष्ठरुग्णासाठी वेगळा दवाखाना, वेगळी वसाहत, वेगळा कार्यक्रम. जामखेडमध्ये त्याला इतर पेशंटसोबत त्याच रांगेत बसवलं आणि अंगावरचा बधिर चट्टा ओळखायचं काम गावातल्याच आरोग्य कार्यकर्तीने केलं. वेगळ्या कार्यक्रमाला वेगळा निधी मिळतो, वेगळा फलक लागतो, वेगळा संचालक मिळतो. रांगेत बसवलेल्या माणसाचा फलक लागत नाही.

आकडा एकच देतो. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्याच वर्षी देशाची सरासरी १२९ होती. पाच-सहा वर्षांत जामखेडच्या गावांतला आकडा साधारण ५० पर्यंत आला आणि १९९० च्या दशकात तिशीच्याही खाली. हे प्रकल्पाचेच आकडे आहेत आणि या काळात रस्ते, शेती, शाळा हेही बदलत होतं, त्यामुळे सगळं श्रेय एका कारणाला देणं बरोबर नाही. पण देशापेक्षा वाईट असलेला भाग काही वर्षांत देशाच्या बराच पुढे गेला, एवढं नक्की.

आता कॅमेरा जामखेडवरून उचलून जिनिव्हाला नेऊया, कारण गोष्ट तिथे पोचली. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख होते हाफदान माहलर. डेन्मार्कचे, पण १९५० च्या दशकात क्षयरोगाच्या कामासाठी भारतात बरीच वर्षं राहिलेले. मोठमोठी हॉस्पिटलं बांधून गरीब देशांचं आरोग्य सुधारत नाही, हे त्यांना दिसत होतं. १९७५ साली संघटनेने 'हेल्थ बाय द पीपल' नावाचं पुस्तक काढलं. जगभरातून असे प्रयोग गोळा केलेले, जिथे लोकांनीच आरोग्याचं काम हातात घेतलं. चीन होता, क्यूबा होता, टांझानिया होता. आणि एक प्रकरण जामखेडवर होतं, आरोळ्यांनी लिहिलेलं. सरकारांच्या रांगेत एक तालुका!

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देशांची सरकारं जमली. प्राथमिक आरोग्यसेवा हा पाया, लोकांचा सहभाग हा त्यांचा हक्क आणि २००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य, असा जाहीरनामा निघाला. त्या परिषदेच्या तयारीत कार्ल टेलरही होते. मघाशी म्हटलं होतं ना, परत येतील. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथे सिनेमा असता तर संपला असता. इतिहास आहे, त्यामुळे लगेच माघार सुरू झाली.

अल्मा-आटाला वर्षही झालं नव्हतं, तोच इटलीत बेलाजिओला, रॉकफेलर फाउंडेशनच्या पुढाकाराने एक छोटी बैठक झाली. मुद्दा सरळ होता: 'सर्वांसाठी आरोग्य' खूप मोठं आहे, मोजता येत नाही, पैसे किती लागतील सांगता येत नाही. त्यापेक्षा थोडेच, स्वस्त, मोजता येणारे उपाय निवडू. १९८० च्या दशकात युनिसेफने बाळाच्या वाढीवर लक्ष, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण या चार गोष्टींवर भर दिला. या मार्गाने लाखो मुलं वाचली हे नाकारणं बेइमानी ठरेल. जलसंजीवनीचं एक पाकीट काय करू शकतं, हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवून दिलं होतंच. पण पाकीट वाटणारी बाई आणि हातपंप कुठे बसवायचा हे ठरवणारी बाई, यांत फरक आहे. दुसरी यादीतून गळली. तिचं मोजमाप कसं करणार?

आपल्या देशातही असंच काहीसं झालं आणि तेही अल्मा-आटाच्या आधीच. २ ऑक्टोबर १९७७. जनता पक्षाचं सरकार, आरोग्यमंत्री राजनारायण. दर १००० लोकसंख्येमागे गावातला एक आरोग्य कार्यकर्ता, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये मानधन, सोबत थोडी औषधं. वरवर बघितलं तर जामखेडचीच कॉपी. पण निवड गावच्या सभेऐवजी बऱ्याच ठिकाणी गावच्या पुढाऱ्याने केली आणि निवडले गेले ते बहुतेक पुरुष. सरपंचाचा पुतण्या, ओळखीचा बेकार पोरगा. बाळंतपण, चीक, सासू या सगळ्यात त्या पोराला प्रवेश कोण देणार? दर आठवड्याची भेट नाही, अडलं तर विचारायला कोणी नाही. योजनेची नावं बदलत गेली, कार्यकर्त्याचा 'स्वयंसेवक' झाला, मग 'मार्गदर्शक' झाला आणि ती विरत गेली.

माझ्या क्षेत्रात 'स्केल करणं' हा जवळपास धर्म आहे. एका सर्व्हरवर चालतंय? मग हजारावर चालवा. जामखेडकडे बघून मला वाटतं की इथे जे स्केल झालं ते आराखड्याचं: किती लोकसंख्येमागे एक, किती महिने, किती रुपये. निवड कोणाची करायची आणि तिच्या हातात निर्णय किती द्यायचा, हा भाग फाइलमध्ये बसला नाही, म्हणून मागे राहिला. आणि औषध तर त्याच भागात होतं.

तो भाग नीट पुढे नेल्याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग. दोघंही जॉन्स हॉपकिन्सला शिकलेले, तेही कार्ल टेलर यांच्या वर्तुळातले. १९८० च्या दशकात गडचिरोलीला 'सर्च' सुरू केली. तिथे आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, इतकी की जंतुसंसर्ग ओळखून त्या स्वतः अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायच्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निकाल छापून आला: त्या गावांत नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. जामखेडचा धडा गडचिरोलीने पुराव्याच्या भाषेत लिहून दाखवला. पुढे देशभरातल्या आशांच्या कामात घरोघरी नवजात बाळाची काळजी आली, त्याचं मूळ इथे आहे.

आणि १९८८ ची एक घटना सांगायचीच राहिली. वॉशिंग्टनमध्ये जागतिक आरोग्यावर एक परिषद होती आणि तिथे जामखेडच्या एक ग्रामआरोग्य कार्यकर्त्या बोलल्या, मुक्ताबाई पोळ. मोठं सभागृह, वर झुंबरं. त्यांनी बोलताना त्या झुंबरांकडे बोट दाखवलं आणि डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली: सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि आमच्यापासून फार लांब आहेत. मग पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी. झुंबराला हे जमत नाही, असा त्यांचा मुद्दा. माहलरना 'सर्वांसाठी आरोग्य' समजावून सांगायला एक अख्खा जाहीरनामा लागला होता.

पण पणतीच्या या गोष्टीवर मला थांबायचं नाहीये, कारण ती फार गोड आहे आणि गोड गोष्टीखाली एक अडचण दडलेली असते. पणतीत तेल कोण घालतं?

जामखेडच्या कार्यकर्त्या मुख्यतः स्वयंसेविका होत्या. त्यांना पगारी नोकर करायचं नाही, हे ठरवून केलं होतं. त्यामागचा विचार असा की पगार देणाऱ्याकडे त्या बघतील, गावाकडे नाही. त्याऐवजी छोटे व्यवसाय, शेळ्या, बचत गट यांतून त्यांचं उत्पन्न वाढावं अशी योजना होती आणि अनेकींच्या आयुष्यात ते झालंही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. डॉक्टरचा पगार घेतल्याने डॉक्टरची निष्ठा कमी होते असं आपण कधी म्हणत नाही. हा प्रश्न नेहमी गरीब बाईच्याच बाबतीत का पडतो?

आणखी एक. मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. प्रकल्पाची धुरा मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांच्याकडे आली. त्यांचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी सामाजिक संस्थांमध्ये दुसरी पिढी घरातूनच येते, हा नमुना जामखेडलाही चुकला नाही. गावपातळीवर ज्ञान खुलं करणं जमलं, संस्थेची खुर्ची ही वेगळी गोष्ट निघाली. यावर तुमच्यातल्या काहींचं मत वेगळं असेल. कमेंटमध्ये भांडा, मी वाचतो.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यासोबत 'आशा'. या वेळी १९७७ ची चूक टाळली होती: बाईच हवी आणि ती त्याच गावची हवी. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत, महाराष्ट्रात साधारण ७० हजार. पण कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. मोबदला कामागणिक: बाळंतपणाला नेलं तर इतके, लस पूर्ण झाली तर इतके. जामखेडमधून 'स्वयंसेविका' हा शब्द आला, आठवड्याची ती बैठक आणि निर्णयाचा हक्क मात्र वाटेत सांडला.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. कोविडच्या काळात घरोघरी फिरलेल्या याच बाया. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या हजारो आशा मानधनवाढीच्या आश्वासनाचा सरकारी आदेश निघावा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. तुमच्यापैकी काही जण त्या दिवसांत सीएसएमटीला उतरून त्यांच्या बाजूने चालत ऑफिसला गेले असतील.

तर पुढच्या भागासाठी एक काम. तुमच्या गावातल्या किंवा वस्तीतल्या आशाताईंना दोन प्रश्न विचारा. त्यांना काय काय करायला सांगितलं जातं? आणि असं काय आहे, जे त्यांना करता येतं पण करायची परवानगी नाही? त्यांची हरकत नसेल तर उत्तर रेकॉर्ड करून व्हॉइस नोट पाठवा. नाव नको, गाव नको, फक्त उत्तर. दोन मिनिटांच्या आत असेल तर भागात घेतो.